बोलावून वसवलेला मुलूख

वरठी हे गाव आगगाडीने ये-जा करणाऱ्यांना भंडारा रोड या नावाने ठाऊक आहे. नागपूरहून निघालेली गाडी इथून पुढे तुमसर, तिरोडा करत गोंदियाकडे जाते. पावसाळ्यात खिडकीतून दिसतो तो सगळा धानाचा मुलूख: बांधीला लागून बांधी, मधे धुरे, धुऱ्यावर एखादा मोह नाहीतर बोर, कुठे पाळीआड अडलेले तलावाचे पाणी. पाहणाऱ्याला वाटावे, हे असेच पूर्वापार चालत आले असणार. पण यातली बरीच शेती गेल्या तीन-चारशे वर्षांतली आहे. त्याआधी इथे येन, साग, बिजा आणि तेंदूचे रान होते आणि रानात गोंडांची विरळ वस्ती होती. हे रान कोणी तोडले, कोणाच्या परवानगीने तोडले, आणि तोडून झाल्यावर जमीन कोणाच्या नावावर लागली, ही भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट आहे.

अमेरिकेत अशा गोष्टींची कपाटेच्या कपाटे भरली आहेत. थिओडोर रूझवेल्टने अध्यक्ष होण्याआधी, १८८९ ते १८९६ या काळात, ॲलेगेनी डोंगरापलीकडच्या वसाहतींवर 'द विनिंग ऑफ द वेस्ट' हा चार खंडांचा इतिहास लिहिला. ॲलन एकर्टचे 'द फ्रंटियर्समेन' १९६७ मध्ये आले आणि ओहायो नदीच्या खोऱ्यातली वसाहतकार आणि शॉनी लोकांची झुंज कादंबरीच्या ओघाने वाचकांपर्यंत पोचली. वसाहतकार डॅनियल बून, शॉनींचा पुढारी टेकुमसे ही नावे तिकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्याची गोष्ट मात्र जमीन-बंदोबस्ताच्या अहवालांत आणि गॅझेटियरच्या पानांत तुकड्यातुकड्याने पडून राहिली. ती एकत्र मांडली की एक फरक आधी डोळ्यांत भरतो. ओहायोच्या खोऱ्यात वसाहतकार मूळ रहिवाशांच्या विरोधाला न जुमानता घुसले. इथे त्यांना मूळ राज्यकर्त्यांनीच बोलावले. बोलावणारे गोंड राजे होते.

हा मुलूख कधीच 'रिकामा' नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. पवनीला १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मौर्य-शुंग काळातले मोठे बौद्ध स्तूप निघाले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी भरभराटीचे नगर होते. छत्तीसगडातल्या रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४ चा शिलालेख आहे. त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांच्या यादीत वैरागड आणि लांजिकेबरोबर भानार हे नाव येते. लांजिका म्हणजे आजच्या बालाघाट जिल्ह्यातली लांजी आणि भानार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. नगरे वसली, ओस पडली, रान परत चढले. सतराव्या शतकात नवे लोक इथे आले तेव्हा ते एका जुन्या, दमून पडीक राहिलेल्या भूमीवर आले होते, आणि त्या भूमीला मालक होते.

मालक दोन होते असे ढोबळमानाने म्हणता येईल. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा वचक होता, उत्तरेकडे आधी गढा-मंडला आणि मग देवगड. चांद्याच्या राजांनी वस्ती वाढवण्याची एक सोपी आणि शहाणी रीत काढली. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या चांदा बंदोबस्त अहवालात गोंड राजघराण्याची परंपरा लिहून ठेवली आहे. तिच्यात हीर शाह या राजाच्या नावावर ही रीत सांगितली जाते: रान तोडून जो गाव वसवील त्याला गावाची पाटीलकी, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन बिनसाऱ्याची. या दानाला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे.

या एका अटीने खोऱ्याचा नकाशा ठरला. जमीन हवी असेल तर आधी पाणी अडवा. बंदूक घेऊन कुंपण घालणाऱ्या माणसाला इथे काही मिळणार नव्हते; उताराचा अंदाज असणाऱ्याला, मजूर जमवू शकणाऱ्याला आणि चार वर्षे थांबण्याची तयारी असणाऱ्याला मिळणार होते. तो माणूस कोहळी होता. कोहळ्यांच्या परंपरेत असे सांगतात की चांद्याचा राजा काशीयात्रेला गेला असता त्याने तिकडे त्यांची तलाव बांधण्याची कला पाहिली आणि त्यांना आपल्या राज्यात आणले. काशीची कथा खरी असो वा नसो, साकोली, अर्जुनी मोरगाव, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातली तलावांची माळ कोहळ्यांच्या हातची आहे, याबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांपासून आजच्या शेतकऱ्यापर्यंत कोणालाच शंका नाही. कापगते, गहाणे, डोंगरवार ही आडनावे त्या पट्ट्यात आजही जागोजाग भेटतात.

नवेगाव बांधचा तलाव या कामाचा मुकुटमणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी याने तो बांधला असे गॅझेटियर सांगते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. तलाव बांधताना त्यांनी कोलूला मदत केली अशी श्रद्धा आहे. कोलू पटेल पुढे देव झाला. कोलासूर म्हणून त्याचे ठाणे टेकडीवर आहे. माणूस मेल्यावर त्याची समाधी होणे आपल्याकडे नवे नाही. पण इथे लढाई न जिंकलेला, संत नसलेला, माती टाकून पाणी अडवणारा एक शेतकरी देव झाला, आणि त्याच्या शेजारी टेकड्याही कामकरी बहिणी झाल्या. या खोऱ्याने कोणत्या कामाला पराक्रम मानले ते यावरून कळते.

असा तलाव बांधायचा कसा, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दोन टेकड्या जिथे एकमेकींजवळ येतात आणि मधून नाला वाहतो ती जागा हेरायची. नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी किती पसरेल याचा अंदाज दुर्बीण-साखळी काही नसताना, पावसात उभे राहून, वाहत्या पाण्याकडे पाहून घ्यायचा. मग दोन्ही टेकड्यांना सांधणारी मातीची पाळ टाकायची, उन्हाळ्यामागून उन्हाळे, थरावर थर देत आणि तुडवत. तलावाचे जास्तीचे पाणी जाण्यासाठी एका कडेला, शक्यतो खडकावरून, सलंग ठेवायची. ती चुकली की पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटलीच म्हणून समजा. शेतीला पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम बसवायचे, त्यातून पाट काढायचे. वरच्या तलावाचे सलंगीवरून गेलेले पाणी खालच्या तलावात, तिथले आणखी खालच्या बोडीत. अशा रीतीने एक नाला पाच-सात गावांना पुरायचा. पाण्याखाली धान, आणि कोहळ्यांच्या हौसेचे पीक म्हणजे ऊस. मासे आणि शिंगाडे ढिवरांचे. उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या जागेवर भाजी आणि गुरांना चारा. गोंड राजाला यातून भरलेला गाव मिळायचा आणि कोहळ्याला जमीन.

उत्तरेकडे, म्हणजे वरठी-मोहाडी-तुमसरच्या अंगाला, वसाहत जरा वेगळ्या रीतीने झाली. तिचा कर्ता देवगडचा बख्त बुलंद शाह. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन, मुसलमान होऊन, त्याने आपले राज्य पक्के केले. दिल्ली-आग्र्याची नगरे आणि तिथली लागवड पाहून तो परतला तो आपल्या जंगली मुलखाला तसे रूप द्यायचेच असे ठरवून. १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून त्याने नागपूर वसवले. मुलूखभरातून शेतकरी, कारागीर, व्यापारी बोलावले, त्यांना जमिनी दिल्या. राजा खान या पठाण सरदाराने तुमसरजवळच्या डोंगरावर अंबागड बांधला तो याच काळात. किल्ला, बाजार आणि नांगर हे तिन्ही इथे एकदमच आले.

आलेल्यांत पोवार होते. माळव्यातल्या धारहून आलो असे ते सांगतात. पहिली वस्ती रामटेकजवळच्या नगरधनला, मग अंबागड आणि चांदपूरच्या परगण्यात, मग वैनगंगेच्या दोन्ही अंगांना. बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले, कटरे, बोपचे अशी त्यांची छत्तीस कुळे. येताना त्यांनी आपली बोली आणली, ती पोवारी, आणि ती अजून घरात बोलली जाते. पुढे नागपूरच्या भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवारांनी शिपाईगिरी केली आणि त्या बदल्यात त्यांना खोऱ्यातल्या पडीक जमिनी मिळाल्या, अशी नोंद आहे. तलवारीच्या बदल्यात रान. पण रान मिळाले म्हणजे शेत मिळाले असे होत नाही. झाडांची साल सोलून ती उभ्यानेच वाळवायची, मग तोडायची, जाळायची, बुंधे काढायचे. पहिली काही वर्षे कोदो-कुटकीवर काढायची. मग उताराची जमीन थोडी थोडी सपाट करत, धुरे घालत बांधी बनवायची. बांधीत पाणी थांबू लागले, गाळ बसू लागला की मग धान. बापाने रान तोडले, लेकाने बांधी केली आणि नातवाने चांगले पीक घेतले, असा हा हिशेब होता. आज वरठीच्या शिवारात जी सपाट बांधी दिसते तिच्याखाली अशा दोन-तीन पिढ्यांचे कष्ट आहेत, आणि त्या कष्टांचा मान कोणी कमी करू नये.

त्या पहिल्या काळात जुने आणि नवे लोक एकमेकांना धरून राहत. नवे गाव बसवताना गावाची शीव बांधायला भुमक लागे, आणि तो गोंड असे. रानातल्या देवांची ओळख त्यालाच, म्हणून पूजेचा मानही त्यालाच. वाघ गुरे नेऊ लागला, पटकी आली, की मालदार पोवार पटेलही भुमकाकडे जाई. गोंड डोंगरउतारावर दाह्या करी, म्हणजे रान जाळून राखेत पेरी, मोह वेची, धानाच्या रोवणीला आणि कापणीला खाली येई. रान अजून एवढे होते की तोडणाऱ्याला आणि न तोडणाऱ्यालाही पुरत होते. मला हा काळ रंगवून सांगायचा नाही. राजसत्तेचा जुलूम तेव्हाही होता, वेठ तेव्हाही होती. तरी या समेटाने एक अख्खी शतकभराची वसाहत मोठ्या कत्तलीवाचून झाली, ही गोष्ट जगाच्या इतिहासात कमी वेळा घडली आहे.

समेट मोडला तो आधी वरच्या पायरीवर. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान वारल्यावर वली शाहने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतन कुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजी आले, त्यांनी वली शाहला हरवले, भंडाऱ्याचा किल्ला ताब्यात घेतला, राणीच्या मुलांना गादीवर बसवले आणि मोबदल्यात पैसा आणि मुलूख घेऊन परतले. पुढे त्या दोन भावांत, बुरहान शाह आणि अकबर शाह यांच्यात, फाटले. रघूजी १७४३ मध्ये पुन्हा आले ते राहण्यासाठीच. अकबर शाह निजामाच्या मुलखात पळाला; बुरहान शाह नागपुरात नावाचा राजा होऊन तनख्यावर राहिला. चांदाही १७५१ मध्ये भोसल्यांकडे गेला. बोलावण्याच्या रीतीने वाढलेल्या राज्याचा शेवट एका बोलावण्यानेच झाला.

पहिल्या रघूजींच्या आणि जानोजींच्या काळात कुणबी, पोवार, कोहळी, लोधी सगळ्यांची वस्ती वाढली. जंगलाकडच्या सरहद्दीवर भोसल्यांनी जमीनदाऱ्या दिल्या. आजच्या गोंदिया जिल्ह्यातली कामठ्याची जमीनदारी त्यांतली सर्वांत बलाढ्य. रस्ते सांभाळायचे, रान तोडून गावे बसवायची, हलका सारा भरायचा, ही जमीनदाराची कामे. मग १८०३ आले. आडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींना कटक आणि वऱ्हाड दोन्ही गमवावे लागले. उत्पन्न घटले, सैन्याचा आणि दरबाराचा खर्च तसाच राहिला, आणि तो उरलेल्या मुलखावर पडला. सारा वाढला, पट्ट्या वाढल्या, धान्याच्या व्यापारातही राजाने हात घातला. लोक त्याला बडा बनिया म्हणू लागले. त्यातच पेंढारी. १८११ मध्ये त्यांनी थेट नागपूरच्या वस्तीला आग लावली. खेड्यांची काय कथा! गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या त्या या वीस वर्षांत. ज्याने रान तोडले होते तो शेतकरी रात्री गढीत झोपू लागला, आणि कित्येक बांध्यांवर परत रान चढले.

१८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले हरले, पुढच्या वसंतात कैद झाले, आणि प्रयागला नेले जात असताना मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले. तिथे त्यांना थारा दिला तो हर्राईच्या चैन शाहने आणि त्याच्या गोंडांनी. ज्या घराण्याने गोंडांचे राज्य घेतले त्याच्याच शेवटच्या स्वतंत्र राजासाठी गोंड लढायला उभे राहिले. डोंगरातल्या या माणसांना नवी सत्ता कोणत्या जातीची आहे याचा अदमास लवकर आला होता, असे मला वाटते.

त्याच वर्षी वैनगंगेच्या पूर्वेला कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल अप्पासाहेबांच्या बाजूने उठला. त्याचा मुलूख लांजीपर्यंत पसरलेला, माणसे भरपूर, गढ्या मजबूत. काही काळ त्या भागात इंग्रज कंपनीचा हुकूम चालत नव्हता. नागपूरहून कॅप्टन गॉर्डनची तुकडी निघाली, आणि सप्टेंबर १८१८ मध्ये कामठ्याची गढी हल्ला करून घेतली गेली. चिमणा पटेलाची जमीनदारी गेली. पुढे ती लोधी घराण्याकडे आली. हा उठाव वसाहतकारांचा होता, वसाहतीला विरोध करणाऱ्यांचा नव्हता, हे विसरता कामा नये. सरहद्द सांभाळण्यासाठी ज्यांना भोसल्यांनी बसवले ते भोसल्यांसाठी लढून गेले. चिमणा पटेलाचे नाव गोंदिया-भंडाऱ्याबाहेर आज फारसे कोणी घेत नाही. सीताबर्डीइतकीच कामठ्याची आठवण ठेवली गेली पाहिजे.

इंग्रजांनी या भागाचा कारभार आधी कामठ्यातूनच चालवला. कॅप्टन विल्किन्सन तिथे होता. १८२०-२१ च्या सुमारास ठाणे भंडाऱ्याला हलले, आणि भंडारा जिल्ह्याचे गाव झाले. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने १८२७ मध्ये नागपूर राज्याचा अहवाल लिहिला. सारा हलका झाला, लोक परतले, बांध्या पुन्हा निघाल्या. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि मग साखळी आली.

साखळी म्हणजे जमीन मोजायची साखळी. तोपर्यंत गावचा पटेल हा सरकारसाठी वसुली करणारा माणूस होता. त्याला मान होता, फायदा होता, पण गाव त्याच्या मालकीचे नव्हते. नव्या बंदोबस्ताने त्याला मालगुजार केले, म्हणजे गावाचा मालक. गाव विकता येईल, गहाण टाकता येईल, कर्जापायी लिलावात जाईल, अशी ती मालकी. लॉरेन्सचा भंडारा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल १८६७ चा आहे. ज्या दिवशी गावाचा कागद झाला त्या दिवशी गोंड पटेल, जमीनदार आणि शेतकरी यांच्या हातातून जमीन सुटण्याची वाट मोकळी झाली. बियाण्यासाठी घेतलेले धान सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट होऊन, फिरत राही. तीन-चार वाईट वर्षे आली की अंगठा उठे, आणि गाव सावकाराचे, कलालाचे किंवा शहरातल्या वकिलाचे होई. गोळी एकही सुटली नाही. जंगलही कायद्याने राखीव होऊ लागले, आणि दाह्या हा गुन्हा ठरला.

इथे अमेरिकेकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. १८६२ मध्ये तिकडे होमस्टेड कायदा झाला: १६० एकर घ्या, पाच वर्षे कसा, जमीन तुमची. लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने पडीक जमिनी विकण्याचे धोरण ठरवले ते १८६१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे सात महिने आधी. दोन खंडांत, दोन सरकारांच्या मनात, एकच विचार एकाच वेळी होता: ज्या जमिनीवर नांगर नाही ती कोणाचीच नाही.

हा विचार भंडाऱ्याच्या दाराशी उतरला १८६७ मध्ये. भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे लचके तोडून बालाघाट हा नवा जिल्हा केला गेला. लांजीचा मराठी-पोवारी मुलूख तेव्हा आपल्यापासून तुटला. जिल्हा करण्यामागचा हेतू उघड सांगितलेला होता: मैकल डोंगरावरचे बैहरचे पठार लागवडीला आणायचे. त्याआधी, १८१० च्या सुमारास, लक्ष्मण नाईक या पोवाराने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे बसवली होती, स्वतःच्या हिमतीवर. आता सरकारच वसाहत करणार होते. पहिला डेप्युटी कमिशनर ब्लूमफिल्ड याने वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवारांना सवलती देऊन वर बोलावले. बांधी करण्यात पोवारांचा हात धरणारे कोणी नाही, ही ख्याती तोवर पक्की झालेली होती. बैलगाड्या घाट चढू लागल्या. धारहून नगरधन, नगरधनहून अंबागड, अंबागडहून बैहर: दोनशे वर्षांत एका समाजाने नांगराने आखलेली ही वाट अमेरिकेतल्या कोणत्याही वसाहतीच्या वाटेइतकीच विलक्षण आहे.

आणि त्या वाटेच्या टोकाला बैगा होते. बैगा नांगर धरत नसत. धरणीमातेची छाती फाडायची नाही, अशी त्यांची श्रद्धा. ते बेवर करत, रान जाळून राखेत बी टाकत, दोन-तीन वर्षांनी जागा सोडत. ब्लूमफिल्ड त्यांना नांगराखाली आणू पाहत होता. त्यांच्याविषयी त्याला आस्था होती, त्याने त्यांच्यावर टिपणही लिहिले. पण जंगल खात्याला सागवान आणि साल हवे होते. बेवर बंद होत गेली. शेवटी १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात सुमारे २४ हजार एकरांचा एक तुकडा आखून दिला गेला, बैगा चक. तेवढ्यात बेवर करा, बाहेर नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या जनगणनेने तिकडची सरहद्दीची रेषा संपली असे जाहीर केले, आणि वर्षाच्या अखेरीस वुंडेड नी इथे सैनिकांनी लकोटांची कत्तल केली. बैगांवर गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत. त्यांचे रान मात्र तसेच गेले. व्हेरिअर एल्विनने १९३९ मध्ये 'द बैगा' लिहिले तेव्हा चकातले लोक अजूनही बेवर परत मिळण्याची वाट पाहत होते.

खाली खोऱ्यात आगगाडी आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० नंतरच्या दोन वर्षांत राजनांदगावपर्यंत पोचली. ती मीटरगेज होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद केली. भंडाऱ्याचे स्टेशन वरठीला झाले. छत्तीसगडाकडून येणारे बंजाऱ्यांचे तांडे, पाठीवर धान्य आणि मिठाच्या गोण्या घेतलेले हजारो बैल, काही वर्षांत दिसेनासे झाले. धान आता स्टेशनावर विकत गेले, भाव मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात ठरू लागला, आणि जमिनीची किंमत चढली. जमीन महाग झाली तसा तिच्यावर कर्ज देणाराही उदार झाला.

मग १८९६ ला भाद्रपदानंतर पाऊस थांबला. धानाला शेवटचे पाणी मिळाले नाही. १८९९ ला पुन्हा तेच, अधिक भयानक. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ७,४२,८५० होती. १९०१ मध्ये ६,६३,०६२ उरली. आकडा वाचताना डोळ्यांपुढे आणावे ते हे की चांगल्या दहा वर्षांत तो वाढायला हवा होता. ज्या गावांचे तलाव धड होते ती गावे त्यातल्या त्यात तरली. कोहळ्यांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या पाळींनी जीव वाचवले, आणि ज्या गावचा मालगुजार नागपुरात राहत होता, पाळीला माती टाकायला आला नव्हता, त्या गावांचे हाल झाले.

गोंडांच्या जमिनी परक्या हातांत जात आहेत हे सरकारने कायद्यात मान्य केले १९१६ मध्ये, मध्य प्रांत जमीन हस्तांतर कायदा करून. लॉरेन्सच्या अहवालाला तेव्हा जवळपास पन्नास वर्षे होत आली होती. चांगल्या, सपाट, पाण्याखालच्या बांध्या तोवर गेल्या होत्या. कायद्याने राखले ते बरेचसे बर्डीचे, म्हणजे हलक्या जमिनीचे, आणि डोंगराकडेचे. बख्त बुलंदाच्या जातीचे लोक त्याच्याच राज्यात बोलावलेल्यांच्या वंशजांकडे सालदार झाले. पोवारांचे, कोहळ्यांचे, कुणब्यांचे कष्ट खरे आणि गोंडांचा तोटाही खरा. या खोऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पानावर लिहिले पाहिजेत. अमेरिकेतल्या लेखकांना हे शिकायला फार वेळ लागला. रूझवेल्टच्या खंडांत शॉनी लोक अडथळा म्हणून येतात. एकर्टपर्यंत येता येता टेकुमसे नायक होतो. आपण त्यांच्या चुका पुन्हा करण्याचे कारण नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून गावांबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, असे पडले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, सलंगीवर फळ्या कोणी लावायच्या, ही कामे ज्या घरांची होती त्यांचा हक्क गेला, त्याबरोबर त्यांची जबाबदारीही गेली, आणि खात्यांच्या वाटण्यांत बरेच तलाव उथळ होत गेले. काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. पण जुन्या बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला होता, म्हणजे गावच्या चालीरीती, पाण्याचे, चराईचे, सरपणाचे, मासे धरण्याचे हक्क. मालगुजारी गेल्यावर त्यावरून निस्तार पत्रक झाले. तलावाच्या पाण्यावरून भांडण लागले, ढिवरांच्या सोसायटीचे आणि शेतकऱ्यांचे पटेनासे झाले, पाळीवरची झाडे कोणाची हा प्रश्न आला, की तहसिलीतून या कागदाची नक्कल काढली जाते आणि त्यात आपल्या गावापुढे काय लिहिले आहे ते वाचले जाते.